पातालपाणीचा मुक्काम

पावसाळा लागला की इंदूरकरांची पावले आपोआप विंध्याद्रीच्या कड्यांकडे वळतात. गेल्या भाद्रपदात आजी, आई, बाबा, काका, धाकटा भाऊ आणि मी असे सहाजण महूमार्गे पातालपाणीच्या परिसरात दोन रात्री तंबू ठोकून राहिलो. तेथे आमची जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहेच. परंतु तिच्यामागील कारणे त्याहून अधिक सांगण्यासारखी आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

माळव्याचे पठार येथे एकाएकी संपते आणि भूमी निमाडच्या दिशेने खाली उतरते. याच कड्यावरून चोरल नदी खोल कुंडात उडी घेते. पुढे ती बडवाहजवळ नर्मदेला मिळते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेल्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा काळा पाषाण बनला. त्यांतील काही थर टणक, तर काही सच्छिद्र व ठिसूळ आहेत. पाणी ठिसूळ थर आधी पोखरते, वरचा टणक थर आधारावाचून कोसळतो आणि कडा उभाच्या उभा राहतो. धबधबे असेच घडतात.

आमची पहिली फजिती रात्रीच झाली. वारा लागू नये म्हणून काकांनी हिरवळीचा एक सखल तुकडा निवडला. आजी म्हणाली, "अरे, भोवतीचे गवत सुकत आले आणि येथेच एवढे हिरवे का, याचा विचार केलास का?" कोणी तिकडे लक्ष दिले नाही. मध्यरात्री सर आली आणि अंथरुणे पाण्यावर तरंगू लागली. पाठोपाठ खुंट्या उपटून तंबू आमच्या अंगावर कोसळला. माळव्याची काळी माती पाणी शोषून फुगते. तिच्या भेगा मिटल्या की पाणी खाली मुरत नाही, ते सखल जागी साचते. तीच माती भिजून मऊ झाली की खुंटीला धरून ठेवीत नाही. यास्तव तंबू नेहमी उंचवट्यावर ठोकावा व भोवती चर खणून त्याला उताराकडे वाट द्यावी.

सकाळी चूल पेटेना. ओल्या लाकडाची उष्णता आधी त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. जाळ धरतो तो त्यानंतर. काकांनी एक जाड ओंडका फोडून आतील कोरड्या ढलप्या काढल्या. आमच्या आगपेट्या भिजल्या होत्या. पण आजीने एक आगपेटी चिवड्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली होती. तिच्या त्या दूरदृष्टीमुळेच आम्हांला पोहे मिळाले.

खरा प्रसंग मात्र दुपारी ओढवला. आम्ही नदीकाठाने कड्याच्या वरच्या बाजूस गेलो. पात्रात एक मोठा सपाट खडक होता आणि पाणी घोट्याएवढे. आकाश निरभ्र. मी व धाकटा भाऊ छायाचित्रासाठी त्या खडकावर जाऊन बसलो. इतक्यात काठावरचा एक वृद्ध गुराखी हातवारे करीत ओरडू लागला. उन्हात कसला आला आहे पूर, असे वाटून मला त्याचा रागच आला. बाबांनी मात्र पाण्याकडे पाहिले. ते गढूळ होत चालले होते आणि त्यावर पालापाचोळा वाहत येत होता. त्यांनी आम्हां दोघांना अक्षरशः ओढून काठावर आणले. भावाची एक चप्पल खडकावरच राहिली. ती आणण्यासाठी तो परत वळला, तेव्हा आईने त्याचे मनगट घट्ट धरले. दहा-पंधरा मिनिटांत तो खडक दिसेनासा झाला.

असे का घडले? नदीला पाणी येते ते तिच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्रातून. वर काही कोसांवर पाऊस कोसळला, तर येथे ऊन असूनही लोंढा येतो. भाद्रपदापर्यंत माती तृप्त झालेली असते, खालचा खडक पाणी फारसे पीत नाही. त्यामुळे पाऊस वेगाने पात्रात उतरतो. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पाणी शरीर उचलून धरते, म्हणून पायांचा जमिनीवरील जोरही घटतो. गुडघाभर पाणीसुद्धा मनुष्यास पाडू शकते ते यामुळेच. १७ जुलै २०११ रोजी पातालपाणी येथेच पाच जणांना अशा लोंढ्याने ओढून नेले. त्यांपैकी तिघांचा अंत झाला.

म्हणून बालमित्रहो, पाणी गढूळ होणे, काटक्या-पाने वाहत येणे, ओळखीचा दगड बुडू लागणे, वरून गंभीर आवाज ऐकू येणे, यांपैकी एकही खूण दिसताच तत्काळ उंच जागी जावे. मागे राहिलेल्या वस्तूसाठी परतू नये.

बाबांनी त्या गुराख्याला काही देऊ केले. त्याने ते घेतले नाही. "उद्या येणाऱ्यांनाही सांगा," एवढेच तो म्हणाला आणि गुरे हाकीत निघून गेला. त्याचे ते ऋण या लेखाने अंशतः तरी फिटावे, हीच इच्छा.