पिकअप मागून लहरते? टायर बदलण्याआधी पाट्याचे बुश बघा!

नागपूर : काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात संत्र्याची तोड सुरू झाली की पिकअप गाड्यांना दम घ्यायला फुरसत नसते. बागेतून पांदण रस्ता, मग डांबरी आणि शेवटी कळमना मार्केट. अशात गाडी वळणावर मागून लहरायला लागली की बरेच जण आधी टायरला नाहीतर शॉकअपला दोष देतात. पण अनेकदा खरं दुखणं मुठीत मावेल एवढ्या रबरात असतं. ते म्हणजे मागच्या पाट्याचे बुश.

बुशचं काम काय?

मागचा एक्सल दोन्ही बाजूंच्या कमानपाट्यांना यू-बोल्टने बांधलेला असतो. पाट्याचं पुढचं टोक चेसिसला पक्कं असतं. मागचं टोक शॅकलवर, म्हणजे झोपाळ्यासारख्या हलणाऱ्या पट्टीवर असतं. माल भरला की पाटा सपाट होऊन लांबतो, तेव्हा शॅकल त्याला जागा देते. या दोन्ही टोकांच्या डोळ्यांत बुश बसवलेले असतात. लोखंडाला लोखंड घासू न देणं, हादरा गिळणं आणि एक्सल जागेवर धरून ठेवणं हे त्यांचं काम.

पुढच्या टोकाचा बुश खलास झाला की त्या बाजूचं चाक थोडं मागेपुढे सरकतं. स्टेअरिंग सरळ धरलं तरी मागची चाकं गाडी तिरपी ढकलतात. भरलेली गाडी असेल आणि अचानक ब्रेक मारावा लागला, तर हाच खेळ जिवावर बेतू शकतो.

कसं ओळखायचं?

- गतिरोधकावर किंवा गिअर टाकून गाडी उचलताना मागून 'खट' आवाज येतो.
- वळणावर मागचा भाग झोला खातो.
- मागचे टायर वेडेवाकडे घासतात.
- बुशचं रबर फाटलेलं, फुगलेलं किंवा एका बाजूला दबलेलं दिसतं.

दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या पिनेपासून एक्सलपर्यंत टेपने माप घ्या. फरक आला तर बुश, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट तिन्ही तपासून घ्या.

बदलताना काय पाहायचं?

गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा आणि पुढच्या चाकांना ओट लावा. चेसिसखाली मजबूत घोडी हवीच. नुसत्या जॅकवर किंवा विटा रचून कुणालाही गाडीखाली शिरू देऊ नका. एक्सलखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण कमी केल्यावरच पिना काढायच्या.

जुना बुश निघत नाही म्हणून काही ठिकाणी गॅसने रबर जाळतात. त्याचा धूर घातक असतो आणि तापल्यामुळे पाट्याच्या पोलादाचं पाणी उतरतं. नंतर तोच पाटा डोळ्याजवळ तुटू शकतो. प्रेसवर बुश काढून घेणं बरं. पिनेला खाच पडली असेल तर पीनही नवीन टाका, आणि बुश दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. नवीन रबरी बुश सरकवायला साबणाचं पाणी पुरतं.

आवळण्याची वेळ चुकवू नका

गाडी हवेत असतानाच नट पूर्ण आवळले की रबरी बुश लटकलेल्या स्थितीत घट्ट होतो. गाडी खाली उतरताच तो पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो. असा बुश लवकर फाटतो. म्हणून नट आधी हलकेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच कंपनीने सांगितलेल्या ताणाला आवळा. स्पोर्ट्स कारच्या मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश बसवतानाही हाच नियम पाळतात. थोडे दिवस गाडी चालल्यावर यू-बोल्टसकट सगळे नट पुन्हा तपासा.

जळकं ऑइल नको

पाटे करकरू नयेत म्हणून त्यावर जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची सवय आहे. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्यात नागपुरी उन्हाळ्याचे ४५ अंश आणि पावसाळ्यातला चिखल. ज्या पिनांना ग्रीसचं निपल आहे, त्यांना मात्र वेळेवर ग्रीस हवंच.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करावं लागतं. आरटीओची तारीख यायची वाट न पाहता तोडीच्या हंगामाआधीच मागचा भाग दाखवून घेतलेला बरा. आणि एक लक्षात ठेवा, क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर नवा बुशही टिकत नाही. वरून ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २ हजार. एका फेरीत चार क्रेट जास्त नेऊन वाचवलेलं भाडं त्यापुढे काहीच नाही.