प्रवाळाला किती उजेड पुरतो?

प्रवाळ आपल्याला एरवी दोनच ठिकाणी भेटते. एक, सोनाराच्या पेढीवर, पोवळ्याच्या रूपाने. आणि दुसरे, भूगोलाच्या पुस्तकात, कंकणाकृती प्रवाळद्वीपाच्या आकृतीत. डार्विनने १८४२ साली मांडलेली प्रवाळद्वीपांची उपपत्ती भूगोलाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे आणि त्याची बरीचशी भूक उजेडावर भागते, ही गोष्ट माझ्या खऱ्या अर्थाने लक्षात आली ती माझ्या मामांमुळे.

मामा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. त्यांना मत्स्यपालनाचा छंद जुना. अलीकडे तीन फुटी काचेच्या टाकीत त्यांनी खाऱ्या पाण्याचा संसार मांडला आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्री क्षार विरघळवायचे आणि सह्याद्रीच्या पलीकडचा समुद्र शिरूर तालुक्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात उभा करायचा, हे काम सोपे नाही. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण मात्र एकच प्रश्न विचारतो: "दिवा किती वॅटचा आहे?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. तो का, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम उजेड कोणाला हवा असतो ते पाहू. प्रवाळाच्या मऊ शरीरात, पेशींच्या आत, सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. वनस्पतींप्रमाणे ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा आणि नत्रयुक्त द्रव्ये पुरवतो. उथळ, ऊबदार समुद्रातील प्रवाळांची बहुतेक ऊर्जा या बिऱ्हाडकरूंकडूनच येते. म्हणजे दिवा निवडायचा तो प्राण्यासाठी नव्हे, त्याच्या पोटातल्या शैवालासाठी.

आता समुद्रातला उजेड कसा असतो ते पाहू. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. स्वच्छ पाण्यात सर्वांत खोल पोचतो तो निळा. प्रवाळांतील शैवालांची रंगद्रव्ये सुमारे ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा-निळा प्रकाश उत्तम टिपतात. आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर याची दोन निराळी उदाहरणे आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा 'आंग्रिया बँक' हा बुडालेला उंचवटा आहे. त्याचा सर्वांत उथळ भागही सुमारे २० मीटर खोल आहे. परंतु पाणी नितळ असल्यामुळे तिथे प्रवाळ नांदतात. याउलट सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी गढूळ. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या या परिसरातील प्रवाळ थोड्याच मीटर खोलीवर, अपुऱ्या उजेडाशी जुळवून घेऊन जगतात. तेव्हा 'प्रवाळाला किती उजेड?' याचे एकच उत्तर असू शकत नाही. ते प्रवाळ कोणत्या पाण्यातून, कोणत्या खोलीवरून आले आहे, यावर सारे अवलंबून असते.

दिव्याच्या खोक्यावर मात्र वॅट आणि ल्यूमेन छापलेले असतात. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. तो किती उजेड देतो हे त्यावरून कळत नाही. ल्यूमेन हे माप मानवी डोळ्यासाठी बनवलेले आहे. आपला डोळा दिवसा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. त्या रंगाच्या एक वॅट प्रकाशाचे ६८३ ल्यूमेन होतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या एक वॅटचे जेमतेम २६. पण शैवालाच्या दृष्टीने हा निळा वॅटच अधिक मोलाचा! म्हणूनच आपल्याला लख्ख वाटणारा दिवा प्रवाळाला उपाशी ठेवू शकतो आणि मंद निळसर वाटणारा दिवा त्याला भाजून काढू शकतो.

पूर्वी या छंदात मेटल हॅलाइडचे दिवे आणि फ्लुरोसंट नळ्या वापरीत. हॅलाइडचा उजेड प्रखर, पण उष्णताही तशीच. एलईडी दिव्यांनी हे चित्र पालटले, आणि ते शक्य झाले निळ्या एलईडीमुळे. या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज अशा दिव्यात निळे आणि पांढरे घटक वेगवेगळे कमीजास्त करता येतात. दिवा घेताना निळ्या-जांभळ्या घटकांचा भाग भरपूर आहे काय, रंग स्वतंत्रपणे कमी करता येतात काय, आणि दिव्याच्या पाठीमागची उष्णता बाहेर टाकण्याची सोय चांगली आहे काय, या तीन गोष्टी पाहाव्यात. एलईडी थंड असतो हा समज अर्धाच खरा आहे. त्याची उष्णता किरणांबरोबर पाण्यात फारशी जात नाही, परंतु खोलीत येतेच. आणि आपल्याकडचा वैशाखातला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते.

मग उजेड मोजायचा कसा? शैवालाच्या उपयोगी पडणारे किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, हे मोजणारा मापक मिळतो. त्याचे एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २,००० च्या आसपास जातो. घरच्या टाकीत एवढ्याची गरज नसते. छत्रीसारखे चपटे 'मश्रूम' आणि मऊ कातडी प्रवाळ ५० ते १५० वर सुखाने राहतात. मोठ्या तोंडाच्या दगडी प्रवाळांना साधारण १०० ते २००, तर बारीक फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतात, असा या छंदातील लोकांचा अनुभव आहे. दिवसभराची बेरीजही महत्त्वाची. १५० मायक्रोमोलचा उजेड दहा तास दिला, तर दर चौरस मीटरला ५.४ मोल होतात. दिवा अधिक वेळ ठेवून ही बेरीज हवी तितकी वाढवता येईल असे मात्र नाही. आठ ते दहा तासांनंतर प्रवाळाला अंधारही हवाच.

मामांनी पुण्यातील एका छंदिष्टाकडून दोन दिवसांसाठी असा मापक आणला होता. दगडाच्या माथ्यावर ३१०, मधल्या कपारीत १२०, आणि तळाच्या कोपऱ्यात फक्त ६०. दिवा एकच, पाणी एकच, पण टाकीत तीन निरनिराळे मुलूख! त्यामुळे दिव्याइतकीच प्रवाळाची जागा महत्त्वाची ठरते. दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंच ठेवला की उजेड पसरतो, कडेच्या सावल्या कमी होतात. आणि उंची वाढवावी तसा तो विरळ होत जातो.

कोणी विचारील, की मग खिडकीतला फुकटचा सूर्य काय वाईट? आमच्या रांजणगावच्या लोकांना याचे उत्तर अवघड जाऊ नये. महागणपतीचे देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि सूर्य दक्षिणायनात असताना त्याची किरणे थेट मूर्तीवर पडतात अशी त्याची ख्याती आहे. अर्थात वर्षाच्या इतर काळात ती तशी पडत नाहीत. खिडकीचेही तेच. ऋतूप्रमाणे ऊन सरकते, कधी टाकीवर पडते, कधी पडतच नाही; आणि पडते तेव्हा पाणी तापवते. घड्याळावर चालणारा दिवा त्या मानाने भरवशाचा.

पुरेसा उजेड म्हणजे जास्तीत जास्त उजेड नव्हे, हे शेवटी सांगायला हवे. मामांना एका दुकानदाराने नवा दिवा देताना तो पहिल्याच दिवसापासून पूर्ण क्षमतेवर लावायला सांगितले होते. आठवड्याभरात मश्रूम आक्रसले आणि त्यांचा रंग उडाला. प्रखर उजेडात शैवाले घातक ऑक्सिजन संयुगे तयार करू लागतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर काढून टाकते. बिऱ्हाडकरू गेला की रंगही जातो आणि अन्नही जाते. मामांनी दिवा एक-तृतीयांशावर आणला, दगड कोपऱ्यात हलवले आणि मग महिनाभरात थोडाथोडा उजेड वाढवला. दोन मश्रूम गेले; उरलेल्यांना रंग परत आला.

टाकीत जे आठ दिवसांत घडले तेच समुद्र तापल्यावर लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली मैलोन्‌मैल घडले. तिथे उजेड कमी करायला कोणाच्या हाती कळ नव्हती. म्हणून या छंदाची एक मर्यादा पाळलीच पाहिजे. सर्व दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. आपल्या समुद्रातून ती काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. नवशिक्याने कमी उजेडावर जगणारी, टाकीतच वाढवलेली मऊ जात घ्यावी, आणि घेण्याआधी दुकानदाराला वॅट विचारण्याऐवजी हे विचारावे: हे प्रवाळ आजवर किती उजेडात वाढले आहे? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले, तर दिव्याची निवड फारशी कठीण उरत नाही. उत्तर मिळाले नाही, तर तो जीव घरी न आणणेच बरे.