तालुक्याचा फोटोग्राफर

तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर दोन धन्यांची चाकरी करतो. एसटी स्टँड, तहसील कचेरी किंवा हायस्कूलच्या आसपास त्याचा स्टुडिओ असतो आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत एखाद्या जिल्हा दैनिकाचे ओळखपत्र. सकाळी दाखल्यासाठी पासपोर्ट फोटो, दुपारी आमदारांच्या हस्ते भूमिपूजन, रात्री कोणाची तरी हळद, असा त्याचा दिवस जातो. पोट भरते ते दुकानावर. वर्तमानपत्राचे मानधन बहुतेक ठिकाणी पेट्रोललाही पुरत नाही. तरीही दैनिकाचे काम सहसा कोणी सोडत नाही, कारण त्या कामामुळे फौजदारापासून कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळे नावानिशी ओळखतात आणि लग्नाची ऑर्डर अशा ओळखीतूनच येते. दुकान बातमीचा खर्च भागवते, बातमी दुकानाला गिऱ्हाईक आणून देते. हा धंदा समजून घ्यायचा तर हा हिशेब आधी ध्यानात घ्यावा लागतो.

छायाचित्रणाची कला मुंबईत फार लवकर पोहोचली. पॅरिसमध्ये 1839 साली दागेरचे तंत्र जाहीर झाले आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतल्या पहिल्या पिढीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. लहान गावांत मात्र धंदा बेताबेतानेच रुजला. चित्रपटामुळे अजरामर झालेले दादासाहेब फाळके त्याआधी गोध्र्यात फोटोग्राफर होते. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेल्यावर त्यांना ते गाव सोडावे लागले. पुढे बडोद्यात त्यांनी पुन्हा दुकान थाटले, पण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस दगावतो, या समजुतीपुढे ते चालले नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते, ही भीती खेड्यापाड्यांत त्यानंतरही बरीच वर्षे टिकून होती.

जुन्या स्टुडिओची रचना सगळीकडे जवळपास सारखीच असे. दर्शनी भागात काचेच्या कपाटात नमुन्याचे फोटो, मागे पडदा टाकलेली खोली, तिच्यामागे डार्करूम. शूटिंगच्या खोलीत रंगवलेला पडदा टांगलेला. त्यावर बाग, कमान, जिना, क्वचित ताजमहाल. भिंतीला आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीला एक कोट व टाय. हा कोट गावातल्या कित्येक नवऱ्या मुलांनी, बी.ए. झालेल्या पोरांनी आणि नोकरीच्या अर्जदारांनी आळीपाळीने अंगात चढवलेला असे. मापात तो कोणालाच बसत नसे. फोटो कमरेच्या वर असल्याने ते चालून जाई. स्थळासाठी पाठवायच्या मुलीच्या फोटोला वेगळी शिस्त होती: उभा फोटो, हात फुलदाणीच्या स्टुलावर, पदर नीट, आणि कॅमेऱ्यामागे आई किंवा आत्या. यातली कडक नजर फोटोग्राफरपेक्षा आत्याचीच असे.

लाकडी फील्ड कॅमेऱ्याच्या काळात डोक्यावर काळे कापड घेऊन काचेवर उलटी प्रतिमा बघायची, प्लेट चढवायची, लेन्सचे झाकण काढायचे आणि मनात मोजून परत लावायचे, अशी रीत होती. प्रकाश कमी आणि प्लेट मंद असल्याने माणसाला श्वास रोखून बसावे लागे. जुन्या फोटोंत आजोबा-आजी एवढे करारी दिसतात याचे निम्मे कारण हेच आहे. पुढे 120च्या रोलवर 12 फोटो देणारे यशिका, रोलिकॉर्ड असे दोन भिंगांचे कॅमेरे आले, हौशी लोकांच्या हाती आग्फा क्लिक आला आणि नंतर 36 फोटोंच्या 35 मिलिमीटर फिल्मने सगळ्यांना मागे टाकले. परदेशी मालाच्या टंचाईत उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आणि कागद, तसेच पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’, यांवर छोट्या दुकानांनी वर्षे काढली.

खरे कसब डार्करूममध्ये आणि रिटचिंगच्या टेबलावर दिसे. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन तराजूवर तोलून डेव्हलपर घरीच बनवला जाई. हायपोने प्रतिमा पक्की होई. कृष्णधवल कामाला पाण्याचे तापमान 20 अंशांच्या आसपास लागते. मराठवाड्यात किंवा विदर्भात मे महिन्यात टाकीचे पाणी याच्या कितीतरी वर असते, तेव्हा ट्रे बर्फाच्या परातीत ठेवायचा किंवा माठातले पाणी वापरायचे आणि जमेल ती कामे रात्री उरकायची. पाणी गरम राहिले तर निगेटिव्हवरचा थर मऊ पडतो, सुरकुततो, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याची जाळी होते. रिटचिंगसाठी निगेटिव्ह उजेडाच्या चौकटीवर ठेवून टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले जात. निगेटिव्हमध्ये गडद केलेली जागा प्रिंटमध्ये उजळ येते, हे डोक्यात पक्के ठेवून उलटा विचार करत हात चालवावा लागतो. देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळे, सावळा रंग हे सारे या पेन्सिलीने सौम्य होई. उजळ दिसण्याचा हव्यास मोबाइलच्या ‘ब्यूटी मोड’ने आणलेला नाही, तो त्या टेबलावर आधीपासूनच बसलेला होता.

मृताचा फोटो हे या धंद्यातले नाजूक काम. अनेक घरांत वडीलधाऱ्या माणसाचा हयातीत एकही स्वतंत्र फोटो निघालेला नसे. मग लग्नातल्या समूहचित्रातला चेहरा कापून मोठा करायचा, धूसर भाग ब्रशने सावरायचा, डोक्यावर फेटा रंगवायचा आणि तेराव्याच्या आत चौकट तयार करून द्यायची. असा फोटो द्यायचा दिवस फोटोग्राफर कधी चुकवत नाही.

दैनिकाच्या कामाचे स्वरूप छपाईने ठरवले. खिळ्यांच्या छपाईत फोटो छापायचा तर जस्ताचा हाफटोन ब्लॉक लागे, आणि तो पुण्या-मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या प्रोसेस स्टुडिओत बनून येई. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. त्यामुळे छोटी पत्रे पुढाऱ्यांचे ब्लॉक खणात जपून ठेवत आणि तोच तरुण चेहरा पुढारी म्हातारा होईपर्यंत छापत. ताज्या घटनेचा फोटो ही चैन होती. कोल्हापूरचे ‘पुढारी’, सोलापूरचे ‘संचार’, नाशिकचे ‘गावकरी’, साताऱ्याचे ‘ऐक्य’ अशी जिल्ह्या-विभागाची दैनिके ऑफसेटवर गेली तेव्हा फोटोचा खर्च उतरला, पानावर जागा वाढली आणि तालुक्याच्या फोटोग्राफरला दारोदार मागणी आली.

फोटो जिल्ह्याला पोहोचवायचा तो एसटीने. संध्याकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे लिफाफा द्यायचा, त्यावर कार्यालयाचे नाव लिहायचे, तिकडे दैनिकाचा शिपाई स्टँडवर उभा. गाडी चुकली की बातमी फोटोविना जाई. रोलवर चारच फोटो काढलेले असले तर अंधारात फिल्म तेवढी कापून धुवायची आणि उरलेली पुन्हा कॅमेऱ्यात भरायची. पुढे मोडेम, सायबर कॅफे आणि शेवटी व्हॉट्सअॅप आले, तेव्हा फोटोचा आणि एसटीचा संबंध सुटला.

अशा पत्रांतले बहुसंख्य फोटो शाल-श्रीफळाचे, फीत कापण्याचे आणि गळीत हंगामाला मोळी टाकण्याचे असतात. शहरी संपादक त्यांना नाके मुरडतात, पण त्यातही कौशल्य आहे. रांगेत पंधरा माणसे असतात आणि प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. कडेचा उपसरपंच कापला गेला तर दुसऱ्या दिवशी अंकाचे दहा वाचक कमी झाले समजा. नावे टिपताना ‘डावीकडून’चा क्रम चुकला तर फोटोपेक्षा खुलाशाला जास्त जागा द्यावी लागते. म्हणून मुरलेला फोटोग्राफर आधी नावे लिहून घेतो आणि मग बटण दाबतो.

मोठी घटना घडते तेव्हा चित्र उलटते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. अशा प्रसंगी राजधानीचे कॅमेरे पोहोचेपर्यंत काही तास जातात. घटनेला सर्वांत जवळचा कॅमेरा असतो तो वरातीचे फोटो काढणाऱ्या माणसाचा, आणि समोरच्या ढिगाऱ्यात त्याची गिऱ्हाइके असू शकतात. बाहेरच्या छायाचित्रकाराला मिळणारी अलिप्तता त्याच्या वाट्याला येत नाही. काही फोटो तो काढतो आणि देत नाही.

पोलिसांशी त्याचा संबंध वेगळाच. अपघात, बेवारस प्रेत, घरफोडी अशा ठिकाणी पंचनाम्यासाठी स्टुडिओवाल्याला बोलावणे येई. मोबदला कमी आणि उशिरा मिळे, नकार देणे अवघड, आणि खटला उभा राहिला की निगेटिव्हसह साक्षीला हजर राहावे लागे. डिजिटल फोटोसाठी न्यायालय प्रमाणपत्र मागते. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम 65-बनुसार होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार. आता पोलीस बरेचसे चित्रण स्वतःच्या मोबाइलवर करतात आणि हे काम आटत चालले आहे.

धंद्याचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की सराई सुरू, पौषात थोडी उसंत, मग उन्हाळ्यात एका दिवसात तीन-तीन मुहूर्त. चातुर्मासात लग्ने बंद, तेव्हा शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि गणपती-नवरात्र हात देतात. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीच्या वर्गांचे निरोपाचे समूहचित्र. लग्नात सारा जीव एका क्षणात अडकलेला असतो. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता डोळ्यांत जातात, मामा मध्ये येतो, आणि तेवढ्यात हार पडायच्या आत फोटो निघायला हवा. पुन्हा घालायला सांगता येते, पण तो फोटो खोटा दिसतो. फिल्मच्या काळात आणखी एक खुबी होती: प्रत्येक आत्या-मावशीला जोडीसोबत फोटो हवा असे आणि रोल मोजके असत, तेव्हा काही फोटोग्राफर नुसताच फ्लॅश उडवत. अल्बम आल्यावर मावशी आपला फोटो शोधत बसे.

रंगीत फिल्मने डार्करूम उठवली. रंगीत प्रक्रियेला सुमारे 38 अंशांचे काटेकोर तापमान लागते. ते माठाच्या पाण्याने साधत नाही. रोल शहरातल्या लॅबला जाऊ लागले आणि स्वतः प्रिंट करणारा कारागीर लॅबचा गिऱ्हाईक झाला. नंतर डिजिटल कॅमेऱ्याने लॅब मागे सारली आणि फोटोशॉप, कोरलड्रॉ शिकलेल्या पोरांनी स्टुडिओच्या जोडीला वाढदिवसाच्या फ्लेक्सचे काम सुरू केले. सरकारी ओळखपत्रांनी धंद्याला आधी दिले आणि मग काढून घेतले. 1993 मध्ये निवडणूक आयोगाने छायाचित्र ओळखपत्राचा आदेश काढल्यावर गावोगाव फोटो निघाले. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या यंत्रणेत फोटो केंद्रावरच निघतो, स्टुडिओची गरज नाही. लग्नाचे काम मात्र घटण्याऐवजी वाढले. ड्रोन, प्री-वेडिंग आणि करिझ्मा अल्बम यांवर आजचा स्टुडिओ उभा आहे, आणि त्यासाठीचे कर्ज फेडण्यात त्याची दोन-तीन सराया जातात.

फोटोचा मालक कोण, याची जाण या धंद्यात कमीच. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा. नोकरीत असताना दैनिकासाठी काढलेल्या फोटोचा प्रसिद्धीपुरता हक्क दैनिकाचा असतो, बाकीचा छायाचित्रकाराचा. पण तालुक्याचा फोटोग्राफर बहुधा नोकरीत नसतो आणि लेखी करारही नसतो, त्यामुळे त्याच्या नावाशिवाय फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतात.

निगेटिव्हचे काय होते, हा वेगळाच विषय. मध्य प्रदेशातल्या नागदा येथील सुहाग स्टुडिओच्या निगेटिव्ह अभ्यासक ख्रिस्तोफर पिनी यांच्यामुळे 2013 मध्ये ‘आर्टिसन कॅमेरा’ या पुस्तकातून जगासमोर आल्या. एवढे नशीब फार थोड्या दुकानांना लाभते. काचेच्या प्लेटा धुऊन फोटोच्या चौकटींना लावल्या गेल्या, फिल्मला पावसाळ्यात बुरशी लागली, वारसाने दुकान मोबाइल विक्रीला दिले तेव्हा खोकी भंगारात गेली. तरी जुन्या दुकानात एक सोय होती. प्रत्येक निगेटिव्ह कागदी पाकिटात, पाकिटावर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, नाव, गाव. कोणी चाळीस वर्षांनी आले तरी वही उघडून फोटो सापडे. आजच्या हार्ड डिस्कवर हजारो फोटो असतात आणि फोल्डरचे नाव ‘न्यू फोल्डर 7’ असते.