किराण्याची वही आणि पाकिटावरची बारीक ओळ

सेलला जाण्याआधी पाकिटावरचा एकक दर वाचायची सवय लावा. आता बहुतेक पाकीटबंद मालावर एमआरपीजवळ तो छापलेला असतो. माल किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅममागे, जास्त असेल तर किलोमागे. समजा 500 ग्रॅमच्या पाकिटावर ग्रॅमला 0.18 रुपये लिहिलंय, म्हणजे किलोला 180. शेजारच्या मोठ्या पाकिटावर किलोला 190 असेल, तर ‘फॅमिली पॅक’ महागच! पण हा दर एमआरपीवरचा असतो. सवलत असेल तर स्वतः भागाकार करा.

तेलात जास्त फसगत होते. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण तशाच दिसणाऱ्या पिशव्या 850 किंवा 750 ग्रॅमच्याही मिळतात.

वहीत तारीख, वस्तू, वजन, दिलेली रक्कम आणि किलोचा दर एवढंच लिहा. (वाण्याकडची उधारीसुद्धा!) तीन महिन्यांत आपल्या घरचा खरा भाव कळतो. मग 26 जानेवारी, 15 ऑगस्टच्या सेलमध्ये डाळ, साबण, चहा खरंच स्वस्त आहे का, ते वही उघडून ठरवता येतं. टिकणारं तेवढंच साठवा. रवा-मैदा पावसाळ्यात जास्त भरू नका, अळ्या होतात.

तुमच्याकडे तूरडाळ सध्या काय भावाने मिळतेय? गावाच्या नावासह कमेंटमध्ये लिहा.