उठताना हात लागतो का?

जेवणखाण आवरून निवांत बसला असाल तर आधी एक गंमत करा. घरात खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवून तिच्यावर बसा. हात छातीवर आडवे घ्या आणि कशालाही न धरता उभ्या राहा. पुन्हा बसा, पुन्हा उठा. पोराला घड्याळ धरायला सांगा. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहिलात ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानानं कमी आहे असं धरतात. आमच्या गटांच्या बैठकीत आम्ही हे करून पाहिलं, तेव्हा पंचेचाळिशीच्या काही जणी दहावरच थांबल्या.

हा विषय आमच्याकडे निघाला तो एका काकूंमुळे. गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सभासद, हिशोबाला पक्क्या. गेल्या वर्षी त्यांनी बैठकीला येणं बंद केलं. हप्ता सुनेच्या हाती वेळेवर यायचा, पण काकू नाहीत. आम्हाला वाटलं, कुणाचं काही लागलं असेल. घरी गेलो तर खरं कारण कळलं. बैठकीत सतरंजीवर बसल्यावर त्यांना उठता येत नव्हतं. दोघींनी ओढून उठवायचं, आणि ते चारचौघींत. त्याहून वाईट म्हणजे संडासात बसल्यावर उठायची भीती, म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, गुडघ्याची झीज सुरू आहे, पण ऑपरेशनची वेळ नाही. मांड्या बळकट करा, गुडघ्यावरचा भार कमी होईल.

मांड्या बळकट करा म्हणजे काय करा, हे मात्र कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही पहाटेपासून राबतो, आम्हाला कसला व्यायाम? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. पण बघा, खुरपताना आपण तासन्‌तास उकिडव्या बसतो. त्यात मांडीचे स्नायू जोरानं काम करत नाहीत, आपण सगळा भार सांध्यांवर टाकून नुसत्या टेकलेल्या असतो. पाण्याचा हंडा वीस वर्षांपूर्वी होता तेवढाच आज आहे. शरीर तेवढ्यापुरतंच तयार होतं आणि तिथं थांबतं. वजन उचलायचंच झालं तर कमरेतून वाकून, घाईत, एका बाजूनं. आणि विश्रांती म्हणाल तर सणालासुद्धा नाही. ताकदीचा व्यायाम याच्या उलट असतो. वजन मोजून घ्यायचं, नीट पवित्र्यात उचलायचं, थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि मध्ये स्नायूला आराम द्यायचा. स्नायू वाढतो तो आरामात. कष्टानं थकवा येतो, मोजून केलेल्या व्यायामानं ताकद येते, दोन्हींत घाम सारखाच.

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात. पाळी गेल्यावर हाडंही लवकर विरळ होऊ लागतात, आणि ज्यांच्या गर्भपिशवीबरोबर अंडाशयही लहान वयात काढलेत त्यांची तर आधीच. हाडाला टिकून राहायला भार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं की प्रत्येक मोठ्या माणसानं आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. चालणं चांगलंच, पण चालणं म्हणजे हे नव्हे.

आता कमरेखाली मुख्य स्नायू कुठले ते समजून घेऊ. मांडीचा पुढचा भाग गुडघा सरळ करतो. खुर्चीतून उठवतो तो हाच. मांडीचा मागचा भाग गुडघा वाकवतो. बैठकीचा स्नायू, ज्यावर आपण बसतो तो, शरीरातला सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी एक. वाकलेल्या बाईला सरळ उभं करायचं काम त्याचं. तो ढिला पडला की त्याचं काम कंबर करते, आणि मग कंबर धरते. पोटऱ्या चढावर आणि तोल सावरायला.

तालुक्याच्या गावात एक जिम आहे. आम्ही चौघी-पाचजणी चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या पोरानं आम्हाला पळायच्या पट्ट्यावर चालायला सांगितलं आणि वजनांच्या बाजूला बघूही दिलं नाही. म्हणे, बायकांनी वजन उचललं तर पुरुषासारखं अंग होतं. हे खोटं आहे. अंग तसं भरायला जे संप्रेरक लागतं ते बाईच्या शरीरात फार थोडं असतं. मीराबाई चानूनं टोकिओ ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो वजनी गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. तिच्याकडे बघा, कुठं पुरुषासारखी दिसते? त्याआधी २००० साली सिडनीला कर्णम मल्लेश्वरीनं ब्राँझपदक आणलं, आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई, तीही वजन उचलूनच. शेवटी जिमच्या मालकाशी बोललो. दुपारी दोन ते चार जिम मोकळीच असते, ती वेळ बायकांना मिळाली.

यंत्रांचा एक फायदा आहे. वजन ठरलेल्या वाटेनंच हलतं, तोल जायची भीती नसते, म्हणून नवख्या बाईला बरं. लेग प्रेसवर पाठ टेकवून बसायचं आणि पायांनी पाटी ढकलायची. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, आत पडू द्यायचे नाहीत. पाटी पूर्ण ढकलली तरी गुडघे कट्ट करून ताठ करायचे नाहीत. आणि पाटी जवळ घेताना कंबर गादीवरून उचलली जायला लागली की तिथंच थांबायचं. आमच्यातल्या एकीनं (नाव सांगत नाही, ती आत्ता समोरच बसली आहे) पहिल्याच दिवशी शेजारणीपेक्षा दोन पाट्या जास्त लावल्या. चार दिवस तिला जिना उतरता येईना. लेग एक्स्टेन्शनवर बसून नडगीनं दांडी वर उचलायची; त्यात मांडीचा पुढचा भाग एकटा काम करतो. गुडघे दुखणारीनं इथं अगदी हलकं वजन लावावं, दुखलं तर सोडून द्यावं. लेग कर्लमध्ये टाच मागं ओढायची, मांडीच्या मागच्या भागासाठी.

ग्रामपंचायतीनं ओपन जिम बसवली असेल तर तिथली पाय ढकलायची खुर्ची वापरा. त्यात आपलंच वजन ढकलायचं असतं, वाढवता येत नाही, पण सुरुवातीला पुरतं. हवेत पाय झुलवायचं यंत्र मात्र पाय मोकळे करायला ठीक. त्यानं ताकद वाढत नाही. पोरींना नेमकं तेच आवडतं!

सुटी वजनं म्हणजे डंबेल आणि दांडी. इथं वजन सांभाळायला अख्खं अंग कामाला लागतं, म्हणून घरच्या कामाशी याचं नातं जवळचं. पहिली शिकायची ती बैठक, आपली नेहमीचीच, पण नीट. एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी उभा धरायचा. मागं स्टूल ठेवायचं. पार्श्वभाग मागं नेत खाली जायचं, स्टुलाला हलकं टेकायचं, टाचांवर जोर देऊन वर यायचं. टाचा उचलल्या जायला नकोत. काकूंनी याची सुरुवात डंबेलशिवाय, उंच खाटेवरून केली. दर दोन-तीन आठवड्यांनी बसायची जागा थोडी खाली आणली.

दुसरं म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, ज्याला डेडलिफ्ट म्हणतात. यात वाकायचं ते खुब्यातून, कमरेतून नाही. शिकायची सोपी रीत सांगतो. पाठीवर उभी काठी धरा. ती डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. आता पार्श्वभाग मागं ढकलत वाका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर बरोबर, एका ठिकाणी सुटली तर पाठीला बाक आला. हे जमल्यावरच हातात वजन. हे एकदा अंगवळणी पडलं की कडब्याची पेंढी, घमेलं, नातू, सगळं तसंच उचललं जातं. युरियाची गोणी मात्र ४५ किलोची असते, ती दोघींनीच धरायची, शहाणपणा नको.

जिम लांब असेल तर घरी चालतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा पाच लिटरचा कॅन हाच तुमचा पाच किलोचा डंबेल. पिशवीत वाळू भरून तराजूवर मोजून घ्या. पायरीवर एक पाय ठेवून चढणं-उतरणं आणि भिंतीला धरून टाचा उचलणं, हेही त्यात घ्या.

किती करायचं? आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. बाजारचा दिवस आणि गटाच्या बैठकीचा दिवस आम्ही धरला, म्हणजे विसरत नाही. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, मग दीड-दोन मिनिटं थांबून पुन्हा, अशा तीन फेऱ्या. वजन असं निवडा की शेवटचे दोन जड जातील, पण पवित्रा बिघडणार नाही. तिन्ही फेऱ्यांत बारा सहज जमू लागले की थोडं वाढवा. पहिल्या महिन्यातच ताकद वाढल्यासारखी वाटते. तेव्हा स्नायू फारसा वाढलेला नसतो, मेंदू आणि मज्जा त्याला नीट कामाला लावायला शिकलेल्या असतात. म्हणून महिन्याभरात सोडून देऊ नका, खरा स्नायू त्यानंतर धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात, ते चालतं. सांध्यात टोचलं, सूज आली, तर थांबायचं.

आता जे बायका कानात विचारतात ते उघड बोलू. वजन उचललं की अंग बाहेर येतं का? श्वास कोंडून, पोटात कळ काढून उचललं तर खाली जोर पडतो, हे खरं. म्हणून जोर लावताना तोंडानं श्वास सोडायचा, आणि त्याआधी लघवी अडवताना आवळतो तसं आतून आवळायचं. ज्यांना खाली जड वाटतं, काही आल्यासारखं वाटतं, शिंकताना लघवी होते, त्यांनी आधी डॉक्टर बाईंना दाखवावं. गरोदर, नुकत्या बाळंत झालेल्या, सिझर किंवा पिशवीचं ऑपरेशन झालेल्या, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या, यांनीही विचारूनच. लाजून आजार वाढतो, हे काकूंच्या पाण्यावरून कळलंच आहे.

रक्तही तपासून घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या देशातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. दम लागतो तो वयामुळे असं समजून आपण गप्प बसतो. आणि स्नायूला प्रथिनं लागतात. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं वरणाचं पाणी भाकरीवर घेऊन स्नायू होत नाही. डाळ तळातून घ्या. मोड आलेली मटकी, हरभरे, शेंगदाणे, दूध-ताक, चालत असेल तर अंडं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात.

कपड्यांचं विचारता? यंत्रावर पदर आणि ओढणी नको, अडकते. पंजाबी ड्रेस ओढणीशिवाय बरा. नऊवारीतल्या आजींना बैठका आमच्यापेक्षा सोप्या जातात, काष्टा असतो ना! पायात स्लीपर नको.

काकूंना सुरू करून पाच महिने झाले. गुडघा अजून दुखतो, पावसाळ्यात जास्तच. उठताना एक हात मांडीवर टेकवतात. पण ओढायला कुणी लागत नाही, छातीशी चार किलो धरून बैठका काढतात, आणि पाणी पितात. मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, तर म्हणाल्या, "ती हिशोबाच्या वह्या ठेवायला घ्या." आणि सतरंजीवर बसल्या.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी या, येताना एक काठी आणि पाच लिटरचा रिकामा कॅन आणा. पाणी तिथं मिळेल.