सुयांचा डबा पुन्हा वापरायचा, पण कोणत्या कसोटीवर?

आमच्या मोहल्ल्यात घरोघरचा कचरा गोळा करायला एक मावशी येतात. मागच्या पावसाळ्यात त्या दोन दिवस आल्याच नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की, कचऱ्याची पिशवी गाडीत टाकताना आतली सुई पिशवीतून आरपार आली आणि त्यांच्या तळहातात घुसली. सुई कुणाच्या घरची, पेशंटला आजार कोणता, काहीच माहीत नाही. त्यामुळे मावशींना गोळ्या सुरू झाल्या आणि पुढचे सहा महिने रक्ताच्या तपासण्या मागे लागल्या.

आमच्या गल्लीत इन्सुलिन घेणारी पाच-सहा घरं तरी आहेत. त्यातलं एक आमचं. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा आमचा कचऱ्याचा डबा बघितला. अब्बांच्या इन्सुलिनच्या दोन सुया चहाच्या चोथ्यात पडल्या होत्या.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. दवाखान्यात सुया टाकायला जो पांढरा डबा असतो, तो नेमका कसा असावा लागतो? त्याची परीक्षा कशी घेतात? काही देशांत हेच डबे धुऊन शेकडो वेळा वापरतात, ते सुरक्षित असतं का? आणि आपल्या घरात काय करायचं?

एका सुईचा धोका किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १६ अब्ज इंजेक्शनं दिली जातात. या सगळ्या सुया नीट जागी पोचत नाहीत. आजारी माणसाला वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर आजार लागण्याची शक्यता हिपॅटायटिस बी साठी ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सी साठी १.८ टक्के आणि एचआयव्हीसाठी ०.३ टक्के असते, असंही संघटना सांगते. सुई टोचली की लोक एचआयव्हीच्या नावाने घाबरतात, पण लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी चा धोका त्याच्या शंभर पट आहे. चांगली गोष्ट ही की, त्यावर लस आहे.

अमेरिकेत रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना वर्षाला सुमारे ३ लाख ८५ हजार वेळा सुई किंवा धारदार वस्तू लागते, असा तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा अंदाज प्रसिद्ध आहे. यातल्या बऱ्याच जखमा इंजेक्शन देताना होत नाहीत. इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला पुन्हा टोपण लावताना, ती डब्यात टाकताना, गच्च भरलेल्या डब्यात कोंबताना किंवा भलत्याच पिशवीत गेल्यामुळे होतात. म्हणजे डबा ही साधी दिसणारी वस्तू माणसाचा जीव वाचवते, आणि डबा वाईट असेल तर तोच धोका बनतो.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ मध्ये आले. त्यांच्या जागी २०१६ मध्ये नवे नियम आले. त्यानुसार रंग ठरलेले आहेत. सुया, सुई जोडलेल्या सिरिंज, ब्लेड, ऑपरेशनच्या सुऱ्या हे सगळं पांढऱ्या, आतलं दिसेल अशा डब्यात जातं. हा डबा टोचून भोक न पडणारा, न गळणारा आणि मध्येच कुणाला उघडता न येणारा पाहिजे. सुई काढलेली प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत आणि फुटलेली काच निळ्या खुणेच्या डब्यात जाते.

पुढे या सुया वाफेच्या दाबाने किंवा कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करतात. त्यानंतर त्यांचा चुरा करतात किंवा त्या धातूच्या डब्यात वा सिमेंट काँक्रीटमध्ये बंद करतात. साध्या ऑटोक्लेव्हसाठी नियमात किमान १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० मिनिटं असा हिशेब दिला आहे. रुग्णालयाने कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस दिली पाहिजे, हेही याच नियमांत लिहिलेलं आहे. आपल्या समाजातली किती तरी मुलं-मुली वॉर्डबॉय, आया, नर्स आणि लॅबमध्ये काम करतात. त्यांना ही लस मिळाली का, हे घरच्यांनी जरूर विचारावं.

डब्याची परीक्षा कशी होते?

या डब्यांसाठी आयएसओ २३९०७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१९ मध्ये त्याचे दोन भाग झाले. पहिला भाग एकदाच वापरायच्या डब्यांचा आणि दुसरा पुन्हा वापरायच्या डब्यांचा. दोन्हींची वेगळी परीक्षा का, ते पुढे कळेल. आधी मूळ कसोट्या बघू.

पहिली कसोटी टोचण्याची. डब्याच्या भिंतीचे तुकडे घेऊन यंत्राने त्यात सुई दाबतात आणि ती आरपार जायला किती जोर लागला ते मोजतात. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ २१३२ या मानकात सरासरी किमान १५ न्यूटन आणि एकाही ठिकाणी १२.५ न्यूटनपेक्षा कमी नाही, अशी अट आहे. १५ न्यूटन म्हणजे साधारण दीड किलो वजनाचा भार एका सुईच्या टोकावर. पाण्याची पातळ बाटली या कामाला का चालत नाही, ते इथे समजतं.

दुसरी कसोटी पडण्याची. भरलेला डबा उंचावरून टाकतात. तो फुटला, झाकण उघडलं किंवा एखादी सुई बाहेर आली तर नापास. तिसरी गळतीची, कारण सिरिंजमध्ये रक्त आणि औषध उरलेलं असतं. चौथी स्थिरतेची, म्हणजे उतारावर ठेवला तरी डबा कलंडता कामा नये. याशिवाय मूठ वजन पेलते का, शेवटचं झाकण बंद झाल्यावर हाताने उघडत नाही ना, आणि किती भरला की थांबायचं त्याची रेघ स्पष्ट दिसते का, हेही तपासतात.

अमेरिकेत सुयांचा डबा हे वैद्यकीय उपकरणच मानलं जातं आणि विकण्यापूर्वी एफडीएची परवानगी लागते. तो कुठे लावायचा याचाही विचार झालेला आहे. उभ्याने काम करायच्या जागी डब्याचं तोंड जमिनीपासून ५२ ते ५६ इंचांवर असावं, असं तिथल्या एनआयओएसएच संस्थेने सुचवलं आहे. कारण आत काय आहे हे न दिसता वरून हात घालावा लागला की जखम ठरलेलीच.

पुन्हा वापरायचा डबा म्हणजे काय?

एकदाच वापरायचा डबा सुयांसकट नष्ट होतो. म्हणजे कचऱ्यासोबत डब्याचं प्लास्टिकही जातं. मोठ्या रुग्णालयात असे हजारो डबे लागतात. कित्येक देशांत ते जाळले जातात. वैद्यकीय कचरा जाळण्याचा धूर म्हणजे काय, हे गोवंडी-देवनारच्या लोकांना सांगायला नको. म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत जाड, मजबूत डबा बनवून तो शेकडो वेळा वापरण्याची पद्धत आली.

हा डबा भरला की कुलूपबंद होतो आणि प्रकल्पावर जातो. तिथे यंत्र तो उघडतं आणि उलटा करतं. माणसाचा हात आत जात नाही. मग डबा धुतात आणि निर्जंतुक करतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात यासाठी किमान ८२ अंश सेल्सिअसचं गरम पाणी निदान १५ सेकंद, किंवा ठरावीक रसायनं, असे पर्याय आहेत. नंतर तडा, भोक, सैल झाकण आहे का ते बघून डबा पुन्हा रुग्णालयात येतो.

खरा प्रश्न इथेच आहे. नवा डबा परीक्षेत पास होईल, पण दोनशेव्या वेळी? गरम पाणी, रसायनं आणि आदळआपट यांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, खटका झिजतो. म्हणून पुन्हा वापरायच्या डब्याला आधी वापर आणि धुलाईच्या तितक्याच फेऱ्यांतून काढतात आणि मग टोचण्याच्या, पडण्याच्या, गळण्याच्या कसोट्या लावतात. कंपनीने किती वेळा वापरायचा तो आकडा सांगायचा आणि तेवढ्या वापरानंतरही डबा टिकतो हे सिद्ध करायचं. प्रत्येक डब्यावर बारकोडसारखी खूण असते, म्हणजे त्याच्या किती फेऱ्या झाल्या ते कळतं. आकडा संपला की डबा बाद.

अमेरिकेच्या १९९१ च्या नियमात एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. त्याचा अर्थ असा की, पुन्हा वापरायचा डबा हाताने, किंवा कामगाराला सुई लागेल अशा कोणत्याही पद्धतीने, उघडायचा, रिकामा करायचा किंवा धुवायचा नाही.

आता आपल्याकडचं चित्र बघा. एखाद्या छोट्या दवाखान्यात पांढरा डबा भरला की झाकण काढून सुया पिशवीत ओततात आणि तोच डबा परत टेबलावर ठेवतात. चार पैसे वाचतात. दोन्ही ठिकाणी डबा पुन्हा वापरला गेला, पण पहिल्यात कसोटी, यंत्र आणि मोजदाद आहे आणि दुसऱ्यात एका गरीब कामगाराचा हात आहे.

मोडासा विसरू नका

डबा मध्येच उघडता येऊ नये ही अट फक्त टोचण्यापुरती नाही. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या मोडासा परिसरात हिपॅटायटिस बी ची साथ आली आणि डझनावारी माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्यामुळे ती पसरल्याचं तपासात पुढे आलं. भंगाराच्या बाजारात वापरलेल्या सिरिंजचे साठे सापडले. ज्या सुया बंद डब्यातून थेट निर्जंतुक होऊन नष्ट व्हायला हव्या होत्या, त्या फिरून माणसांच्या अंगात गेल्या. आपले अनेक बांधव भंगाराच्या धंद्यात आहेत. वैद्यकीय माल घ्यायचाच नाही, हे त्यांनी पक्कं ठरवायला हवं.

घरात काय करायचं?

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं. ओल्या-सुक्या कचऱ्यात त्यांना जागा नाही.

- कपडे धुण्याच्या लिक्विडची किंवा फिनेलची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची पातळ बाटली नको, काचेची तर नकोच.
- बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘वापरलेल्या सुया, उघडू नका’ असं लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.
- सुई वापरली की लगेच बाटलीत टाका. वाकवू नका, मोडू नका. साखर तपासायची टोचणीही त्यातच टाका. रमजानमध्ये रोजेदार पेशंटला डॉक्टर साखर जास्त वेळा तपासायला सांगतात, म्हणजे टोचण्याही वाढतात.
- पाऊण बाटली भरली की झाकण घट्ट लावा, वर चिकटपट्टी गुंडाळा. ती बाटली पुन्हा रिकामी करून वापरायची नाही.
- बाटली तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का ते विचारा. नाहीतर नगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये चौकशी करा. कचरागाडीवर द्यायची असेल तर वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा.

शिबिरं आणि हिजामा

ईद-ए-मिलादला गावोगावी रक्तदान शिबिरं होतात, जमातीतर्फे आरोग्य शिबिरं होतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम अशा शिबिरांनाही लागू आहेत. मंडप आणि नाश्त्याची तयारी करतो तशी सुयांच्या डब्याचीही विचारपूस करा. डबे किती आणणार, कोण नेणार, हे रक्तपेढीकडून आधीच ठरवून घ्या. शिबिर संपल्यावर मैदान झाडणारा मुलगा आपलाच असतो.

हिजामा करून घेतानाही बघा. ब्लेड तुमच्यासमोर नवीन फोडलं का? वापरल्यावर ते जाड, बंद डब्यात गेलं की कापसाबरोबर कचऱ्याच्या बादलीत? विचारायला संकोच करू नका.

सुई टोचलीच तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, पण ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे की नाही ते डॉक्टरांना सांगा. ‘बघू उद्या’ म्हणून घरी बसू नका.

मावशींचे सगळे रिपोर्ट चांगले आले, अल्हम्दुलिल्लाह. आता आमच्या बाथरूमच्या वरच्या फळीवर एक निळी बाटली असते. अब्बा इन्सुलिन घेतल्यावर स्वतः उठून सुई त्यात टाकतात. पहिली बाटली भरली तेव्हा ती ओळखीच्या डॉक्टरांकडे पोचवायला तेच गेले होते.