गड म्हणजे ‘फोर्ट’च का? टीएमएक्स फाइल उघडताना

भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादे वाक्य संपवून पुढच्यावर गेले, की मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर यांची जोडी साठवली जाते. या साठ्याला अनुवादस्मृती म्हणतात. काम करणारे मात्र ‘टीएम’च म्हणतात. तेच किंवा तसेच वाक्य पुन्हा आले, की सॉफ्टवेअर जुने भाषांतर पुढे करते आणि किती टक्के जुळते तेही सांगते. पूर्वी अडचण एकच होती: प्रत्येक कंपनीचा साठा तिच्याच सॉफ्टवेअरला वाचता येई. ती दूर करण्यासाठी ‘लिसा’ या स्थानिकीकरण व्यवसायाच्या संघटनेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस टीएमएक्स हा देवाणघेवाणीचा साचा ठरवला. त्याची रूढ आवृत्ती १.४बी ही २००५ ची. २०११ मध्ये लिसा बंद पडली, पण साचा टिकला.

मराठीत या फाइली वाटतात तितक्या दुर्मीळ नाहीत. मोझिलाच्या पोंटून या भाषांतर-मंचावरून मराठी फायरफॉक्सचे भाषांतर टीएमएक्स स्वरूपात उतरवून घेता येते. ओपस या खुल्या संग्रहातही मराठी-इंग्रजी जोड्या अशाच फाइलींत मिळतात.

फाइलवर दोनदा टिचकी मारली, तर बहुधा ‘कशात उघडू?’ असा प्रश्न येतो. वास्तविक आत साधा मजकूरच असतो, एक्सएमएलच्या खुणांत बसवलेला, त्यामुळे नोटपॅडमध्येही ती उघडते. सुरुवातीला शीर्षभाग असतो. त्यात मूळ भाषा कोणती आणि फाइल कोणत्या सॉफ्टवेअरने तयार केली, याची नोंद असते. त्याखाली ‘टीयू’ नावाच्या नोंदी एकाखाली एक येतात. प्रत्येक टीयूमध्ये प्रत्येक भाषेसाठी एक ‘टीयूव्ही’ असतो आणि त्याच्या पोटातल्या ‘सेग’मध्ये प्रत्यक्ष वाक्य. मराठीच्या वाक्यावर ‘एमआर’ किंवा ‘एमआर-आयएन’ हा भाषासंकेत असतो. ‘एचआय’ ही खूण दिसली म्हणून हिंदी समजू नये; वाक्यातला वेगळा दाखवायचा भाग दर्शवणारी ती खूण आहे. हिंदीचा ‘एचआय’ हा संकेत टीयूव्हीवर लावलेला असतो. नोंदीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, म्हणून भर दुपारी बाराला केलेले काम फाइलीत सकाळी साडेसहाचे दिसते.

मराठीची खरी परीक्षा अक्षरांत होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइटांचे असते. फाइल चुकीच्या संकेतनाने उघडली, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा दिसतो आणि दीर्घ वेलांटी, मात्रा किंवा हलन्त असेल तिथे चक्क जपानी येनचे चिन्ह उमटते. अशा वेळी काहीही न बदलता, न साठवता फाइल बंद करावी आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही. आधी फाँट-रूपांतर करावे लागते.

दुसरी गोम डोळ्यांना दिसतच नाही. समजा, एका गडावरच्या सूचनाफलकाचे वाक्य आहे: ‘नारायणगडावर येणाऱ्या लोकांनी कचरा करू नये.’ यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: स्वतंत्र ‘ऱ’ अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला शब्द वेगळे वाटतात आणि शंभर टक्के जुळायला हवे ते वाक्य जुळत नाही. ‘ॲ’चीही तीच कथा. त्याला स्वतंत्र संकेत मिळाला तो युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन भागवलेले सापडते.

आणि शंभर टक्के जुळले, तरी भाषांतर बरोबर असेलच असे नाही. नारायणगड एकाहून अधिक आहेत. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावजवळचा नारायणगड हा खरोखर डोंगरी किल्ला. बीड जिल्ह्यातला नारायणगड म्हणजे नगद नारायणांचे देवस्थान, भाविकांची धाकटी पंढरी. भगवानगडाप्रमाणे इथेही ‘गड’ हा शब्द देवस्थानासाठी आहे. वरचे वाक्य किल्ल्याच्या फलकासाठी ‘नारायणगड फोर्ट’ आणि ‘व्हिजिटर्स’ असे इंग्रजीत गेले असेल, तर देवस्थानाच्या फलकाचे काम आले की सॉफ्टवेअर तेच पुढे करते, आणि हिरव्या रंगातले ‘शंभर टक्के’ पाहून घाईतला अनुवादक पुढे सरकतो. जुळलेल्या वाक्यांना दर कमी मिळतो, त्यामुळे ती पुन्हा वाचण्याचा उत्साहही कमीच. काही सॉफ्टवेअर आधीचे-नंतरचे वाक्यही जुळले तर १०१ टक्के दाखवतात. तो आकडा थोडा अधिक भरवशाचा.

अशी चूक निस्तरायला फाइल उघडता येणे कामाचे. आधी प्रत काढून ठेवावी. वर्डमध्ये उघडून साठवण्याचा मोह टाळावा; वर्ड फाइलीचा साचाच बदलून टाकू शकतो. छोट्या फाइलीला नोटपॅड पुरते. हजारो नोंदींच्या फाइलीला नोटपॅड प्लस प्लस किंवा ओलिफंटसारखा खास संपादक बरा. नेमके वाक्य शोधून सेगमधला मजकूर तेवढा बदलावा, कोनी कंसांतल्या खुणांना हात लावू नये. ‘आणि’साठीचे अँपरसँड चिन्ह मजकुरात तसेच टंकले, तर त्या एका चिन्हापायी अख्खी फाइल नाकारली जाते, त्याचे एक्सएमएलमधले ठरलेले रूपच लिहावे लागते.

दुरुस्त फाइल वापरणे सोपे आहे. ओमेगा-टी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती प्रकल्पाच्या ‘टीएम’ फोल्डरात ठेवली, की झाले. ‘बीडचे देवस्थान, किल्ला नव्हे’ असा शेरा टीयूच्या ‘नोट’ या खुणेत लिहायची सोय टीएमएक्समध्ये आहे. फक्त फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना हा शेरा कधीकधी वाटेतच गळतो, म्हणून आयात झाल्यावर ती एक नोंद तरी उघडून पाहावी.